भुयारी रेल्वेचा पुरस्कर्ता : चार्ल्स पिअर्सन

मोठ्या शहरात राहणाऱ्या माणसाच्या आयुष्याचा पुष्कळसा भाग घर आणि कामाचे ठिकाण यांच्यामधील वाटेवर जातो. घर किती दूर आहे, तेथून कामावर जाण्यास वाहन कोणते आहे आणि त्या वाहनाचे भाडे आपल्या मिळकतीत बसते की नाही, या तीन गोष्टींवर त्याचे सुखदुःख फार अवलंबून असते. आज ही गोष्ट कोणासही पटेल. परंतु पावणेदोनशे वर्षांपूर्वी ती ओळखून तिच्यासाठी आपली उमेदीची वर्षे वेचणारा एक गृहस्थ लंडन शहरात होऊन गेला. त्यांचे नाव चार्ल्स पिअर्सन. जगातील पहिली भुयारी रेल्वे ज्यांच्या अविरत खटपटीमुळे झाली, ते हेच पिअर्सन होत.

चार्ल्सचा जन्म ४ ऑक्टोबर १७९३ रोजी लंडनमध्ये क्लेमंट्स लेन नावाच्या गल्लीत झाला. त्याचे वडील टॉमस पिअर्सन हे गाद्यागिरद्यांचे व पिसांचे व्यापारी होते. ईस्टबर्न या समुद्रकाठच्या गावी शिक्षण झाल्यावर चार्ल्स वडिलांच्याच हाताखाली उमेदवारी करू लागला. पण त्याचे मन त्या धंद्यात रमले नाही. त्याने कायद्याचा अभ्यास केला आणि १८१६ साली तो वकिलीची सनद घेऊन बाहेर पडला. पुढच्याच वर्षी मेरी मार्था डटन हिच्याशी त्याचा विवाह झाला. ही बाई व्यक्तिचित्रे रंगविण्यात निपुण होती.

लंडन शहराच्या अगदी मध्यभागी सुमारे एक चौरस मैलाचा एक जुना भाग आहे. त्यास सिटी असे म्हणतात. या भागाचा कारभार पाहणारी स्वतंत्र नगरसंस्था आहे. विवाहाच्याच वर्षी पिअर्सन या संस्थेचे सभासद म्हणून निवडून आले आणि त्यांच्या सार्वजनिक आयुष्यास आरंभ झाला. अन्याय दिसला की स्वस्थ बसावयाचे नाही, असा त्यांचा स्वभाव होता. १६६६ सालच्या भयंकर आगीचे स्मारक म्हणून लंडनमध्ये एक उंच स्तंभ उभारलेला आहे. त्या आगीचा दोष कॅथॉलिक पंथाच्या लोकांवर ठेवणारी वाक्ये त्यावर कोरलेली होती. ती खोटी व द्वेष वाढविणारी आहेत असे पिअर्सन यांनी आग्रहाने मांडले आणि १८३० साली ती काढून टाकण्यात आली. ज्यू लोकांना सिटीमध्ये दलालीचा धंदा करण्याची मोकळीक मिळावी म्हणूनही ते झगडले. फाशीची शिक्षा नसावी, मतदानाचा हक्क सर्वांस मिळावा, ही त्यांची मते त्या काळी फार पुढची होती. १८३९ साली नगरसंस्थेने त्यांना आपले कायदेसल्लागार नेमले आणि हे पद त्यांनी मृत्यूपर्यंत सांभाळले. १८४७ ते १८५० या काळात ते लॅम्बेथ मतदारसंघातर्फे पार्लमेंटचेही सभासद होते.

त्या वेळचे लंडन कसे होते, हे समजल्याशिवाय पिअर्सन यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. १८०१ साली शहराची वस्ती सुमारे दहा लाख होती. पन्नास वर्षांत ती साडेतेवीस लाखांवर गेली. माणसे वाढली, पण रस्ते जुनेच राहिले. घोड्यांच्या गाड्या, मालाचे छकडे, हातगाड्या आणि पायी चालणारांचे लोंढे यांची रस्त्यांवर एकच दाटी होई. आगगाडी १८३६ सालीच लंडनला आली होती. परंतु पॅडिंग्टन, यूस्टन, किंग्ज क्रॉस अशी मोठमोठी स्थानके शहराच्या कडेला होती. दूरच्या गावाहून गाडीने आलेल्या माणसाला स्थानकापासून सिटीत पोहोचण्यासाठी पुन्हा या दाटीतून वाट काढावी लागे.

याहूनही वाईट स्थिती गरिबांच्या वस्त्यांची होती. फ्लीट नावाच्या एका जुन्या नदीचे खोरे सिटीच्या पश्चिमेस होते. नदी केव्हाच बुजवून गेली होती आणि तिचे रूपांतर जमिनीखालून वाहणाऱ्या गटारात झाले होते. या खोऱ्यात अंधाऱ्या, कोंदट घरांची गर्दी होती. एकेका खोलीत एकेक कुटुंब, कधी कधी दोन दोन कुटुंबे राहत. रोगराई तर तेथे कायमचीच वस्तीला होती. ही माणसे अशा ठिकाणी का राहत असत? कामाची जागा जवळ होती, म्हणून. रोजच्या मजुरीवर पोट भरणाऱ्याला पहाटे कामावर हजर राहावे लागे. गाडीभाडे देण्याची ऐपत नसल्यामुळे, जेथवर पायी चालत जाता येईल तेथेच त्याला घर करणे भाग होते.

पिअर्सन यांनी हे सारे उघड्या डोळ्यांनी पाहिले आणि त्यातून त्यांनी एक विचार पक्का केला. केवळ गलिच्छ घरे पाडून गरिबाचे भले होणार नाही. त्याला शहराबाहेर मोकळ्या हवेत, लहानशी का होईना पण स्वच्छ घरे मिळाली पाहिजेत आणि तेथून कामावर ये-जा करण्यासाठी त्याच्या मजुरीला परवडेल अशा भाड्याची आगगाडी मिळाली पाहिजे. घर व गाडी या दोन्ही गोष्टी एकमेकींवाचून निरुपयोगी आहेत, हे त्यांच्या विचाराचे सार होते. आगगाडी म्हणजे श्रीमंतांच्या प्रवासाची सोय, असे बहुतेक लोक समजत होते, त्या काळात ती मजुराचे घर बदलू शकेल असे पाहणारी दृष्टी विरळाच म्हटली पाहिजे.

पण गजबजलेल्या शहरात आगगाडीचा रस्ता कोठून न्यावयाचा? यावर पिअर्सन यांचे उत्तर होते, जमिनीखालून. १८४५ साली त्यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध करून फ्लीटच्या खोऱ्यातून फॅरिंग्डनपर्यंत भुयारी रेल्वे बांधण्याची सूचना मांडली. इंजिनाच्या धुराने भुयार कोंदेल म्हणून हवेच्या दाबाने ढकलल्या जाणाऱ्या गाड्या वापराव्यात, असे त्यांनी सुचविले. या युक्तीचा पुढे उपयोग झाला नाही. त्या वेळी तर सर्व कल्पनेचीच थट्टा झाली. भुयार ढासळेल, वरची घरे कोसळतील, आत माणसे गुदमरून मरतील, असे नाना आक्षेप घेण्यात आले. १८४६ साली शहरातील रेल्वे-स्थानकांचा विचार करण्यासाठी एक शाही आयोग नेमला गेला. पिअर्सन यांनी फॅरिंग्डन येथे सर्व रेल्वेंचे एक मध्यवर्ती स्थानक असावे अशी योजना त्यापुढे ठेवली. आयोगाने ती फेटाळली व शहराच्या मध्यभागात रेल्वे आणूच नये असा निर्णय दिला.

दुसरा एखादा माणस असता तर त्याने तेथेच हात टेकले असते. पिअर्सन मात्र नव्या जोमाने कामास लागले. फॅरिंग्डन ते किंग्ज क्रॉस एवढ्या तरी अंतरात रेल्वे व्हावी अशी नवी योजना त्यांनी आखली. नगरसंस्थेचा तिला पाठिंबा मिळाला, पण रेल्वे कंपन्यांनी तिच्याकडे पाठ फिरविली. तेव्हा नुसत्या वादाने लोकांचे मन वळणार नाही, त्यांच्यापुढे आकडे ठेवले पाहिजेत, हे त्यांनी जाणले. शहरात येणाऱ्या प्रमुख रस्त्यांच्या तोंडाशी त्यांनी माणसे उभी केली आणि येणारे-जाणारे किती, ते कशाने प्रवास करतात, याची मोजदाद करविली. अशा प्रकारची गणना लंडनमध्ये पूर्वी झाली नव्हती. १८५४ साली पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी हे आकडे ठेवले. त्यांवरून असे दिसून आले की, दररोज सुमारे दोन लाख माणसे सिटीत पायी येत होती, तर घोड्यांच्या बसगाड्यांनी येणारांची संख्या अवघी ४४,००० होती. पायी चालणाऱ्या या दोन लाखांचा विचार आजवर कोणीच केलेला नव्हता. त्याच वर्षी ७ ऑगस्ट रोजी मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या विधेयकास राजसंमती मिळाली. आपल्या मुंबईत बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, त्यानंतर अवघ्या सव्वा वर्षातली ही गोष्ट आहे.

कायदा झाला, परंतु पैसा कोठून आणावयाचा? बांधणीचा अंदाजी खर्च दहा लाख पौंड होता आणि तेव्हा क्रिमियाचे युद्ध चालू असल्यामुळे भागभांडवल मिळणे कठीण होऊन बसले. पाच वर्षे अशीच गेली. कंपनी मोडण्याचीही वेळ आली. पिअर्सन हे त्या कंपनीचे संचालक नव्हते, की मोठे भागधारकही नव्हते. ती बुडाली असती तर त्यांच्या खिशाला तोशीस लागली नसती. तरीसुद्धा ती तगावी म्हणून त्यांनीच कंबर कसली. त्यांनी लंडनच्या नागरिकांस उद्देशून एक पत्रक काढले, सभा घेतल्या, ओळखीच्यांचे उंबरठे झिजविले. रस्ते मोकळे झाले तर सिटीतील व्यापाराचाच फायदा आहे, हे त्यांनी नगरसंस्थेस पटवून दिले. अखेर १८५९ साली नगरसंस्थेने दोन लाख पौंड या कंपनीत गुंतविण्याचे ठरविले आणि अडलेला गाडा हलला.

१८६० सालच्या आरंभी काम सुरू झाले. जॉन फाउलर हे मुख्य अभियंता होते. पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत सुमारे पावणेचार मैलांचा हा मार्ग होता. त्याचा बराचसा भाग रस्त्यांच्या खालून नेलेला होता. आधी रस्ता खणून खोल चर तयार करावयाचा, दोन्ही बाजूंस विटांच्या भिंती बांधावयाच्या, त्यांवर विटांचीच कमान घालावयाची आणि वर माती लोटून रस्ता पूर्ववत करावयाचा, अशी कामाची रीत होती. क्लार्कनवेल येथे मात्र टेकाडाच्या पोटातून बोगदा काढावा लागला. जून १८६२ मध्ये फ्लीटचे जुने गटार फुटले. घाण पाणी भुयारात शिरले व ते दहा फुटांपर्यंत चढले. काम काही महिने लांबणीवर पडले.

या कामात एक खेदाची गोष्टही घडली आणि ती लपविण्याचे कारण नाही. फ्लीटच्या खोऱ्यातील गरिबांची पुष्कळ घरे नव्या रस्त्यासाठी व रेल्वेसाठी पाडण्यात आली. घरमालकांना भरपाई मिळाली, परंतु आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्यांना कायद्याने काहीच देणे नव्हते. पिअर्सन यांच्या मनातील स्वच्छ घरे शहराबाहेर अजून उभी राहिलेली नव्हती आणि स्वस्त गाडीही सुरू झालेली नव्हती. त्यामुळे बेघर झालेली माणसे जवळपासच्या दाट वस्त्यांतच कशीबशी शिरली आणि तेथील दाटी आणखी वाढली. पिअर्सन यांच्या योजनेची दोन अंगे होती. त्यांपैकी पाडण्याचे काम आधी झाले आणि देण्याचे मागे राहिले. चांगल्या योजनेचे एकच अंग उचलले, तर ज्याच्यासाठी ती आखली त्याचेच नुकसान होते, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

आपल्या श्रमाचे फळ पाहण्याचे पिअर्सन यांच्या नशिबी नव्हते. जलोदराच्या व्याधीने ते खंगत चालले होते. १४ सप्टेंबर १८६२ रोजी लंडनजवळ वाँड्सवर्थ येथे त्यांचे देहावसान झाले. तेव्हा ते ६८ वर्षांचे होते. वेस्ट नॉरवुड येथील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच, १० जानेवारी १८६३ रोजी, जगातील पहिली भुयारी रेल्वे लोकांसाठी खुली झाली.

त्या दिवशी सुमारे ३८,००० लोकांनी तिने प्रवास केला. गुदमरण्याची भीती घालणारे लोकही हौसेने तिकिटाच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले असतील! गाडी वाफेच्या इंजिनानेच चालत असे. धूर व वाफ कमी व्हावी म्हणून भुयारात असताना वाफ थंड पाण्याच्या टाक्यांत सोडण्याची सोय केलेली होती. तथापि भुयारात धूर व्हावयाचा तो होतच असे. लाकडी डब्यांत गॅसचे दिवे जळत. प्रवासाचे तीन वर्ग होते. एका फेरीस पहिल्या वर्गाचे भाडे सहा पेन्स, दुसऱ्याचे चार पेन्स आणि तिसऱ्याचे तीन पेन्स असे. त्या काळी बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड होई. पहिल्या वर्षात या रेल्वेने सुमारे ९५ लाख प्रवासी नेले. ज्या कंपनीला पैसे देण्यास कोणी धजत नव्हते, तिचे भाग विकून पुढे नगरसंस्थेने नफाही मिळविला.

पण पिअर्सन यांचा खरा हेतू सफल झाला तो मे १८६४ मध्ये. त्या महिन्यापासून कंपनीने भल्या पहाटे मजुरांसाठी खास गाड्या सोडण्यास प्रारंभ केला. या गाड्यांतून जाण्यायेण्याचे मिळून भाडे अवघे तीन पेन्स होते. इतर प्रवाशांना तिसऱ्या वर्गात जाण्यायेण्यास पाच पेन्स पडत. दोन पेन्सचा हा फरक लहान वाटतो, परंतु रोज मजुरी मिळविणाऱ्याच्या घरात तो आठवड्याच्या शेवटी पुष्कळ होई. हेन्री मेह्यू या लेखकाने १८६५ साली या पहाटेच्या गाडीतून प्रवास करून मजुरांशी बोलणी केली. सिटीजवळ एका खोलीत राहण्याऐवजी दूर पश्चिमेस दोन खोल्यांत राहता येऊ लागले आणि रोजची मैलोगणती पायपीट वाचली, असा अनुभव त्याला त्यांच्याकडून ऐकावयास मिळाला. रस्त्याच्या तोंडाशी माणसे उभी करून ज्यांची मोजदाद पिअर्सन यांनी करविली होती, त्या पायी चालणाऱ्या दोन लाखांपैकी काहींना तरी आता बसावयास जागा मिळाली होती.

कंपनीने कृतज्ञतेपोटी पिअर्सन यांना त्यांच्या हयातीत बक्षीस देऊ केले होते. त्यांनी ते नाकारले. आपण नगरसंस्थेचे नोकर आहोत, तेव्हा आपल्या वेळेवर व श्रमावर तिचाच अधिकार आहे, अशी त्यांची भावना होती. त्यांच्या मृत्यूनंतर कंपनीने त्यांच्या पत्नीस दरसाल २५० पौंडांचे वेतन बांधून दिले. सर्वांसाठी रेल्वे आणणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी तिच्याकडून एक पेन्सही घेतला नाही.

पिअर्सन यांनी पेरलेले बीज पुढे चांगलेच फोफावले. १८८३ साली पार्लमेंटने कायदा करून मजुरांसाठी स्वस्त गाड्या सोडणे हे रेल्वे कंपन्यांचे कर्तव्य ठरविले. १८९० साली लंडनमध्ये विजेवर चालणारी, जमिनीत खोलवर गेलेली भुयारी रेल्वे सुरू झाली आणि धुराचा प्रश्न सुटला. १९०५ साली मेट्रोपॉलिटन रेल्वेनेही विजेचा अवलंब केला. १९०० साली उघडलेल्या दुसऱ्या एका मार्गावर, कोठूनही कोठेही जा, दोनच पेन्स, असे सरसकट भाडे होते. पुढे मार्गांचे जाळे पसरले, तेव्हा अंतराप्रमाणे भाडे आकारण्यात येऊ लागले. १९८१ सालापासून शहराची परिमंडळे पाडून त्यांनुसार भाडे ठरविण्याची पद्धत आली. पाण्यात खडा टाकला असता जशी एकाबाहेर एक वर्तुळे उमटतात, तशी ही परिमंडळे आहेत. अगदी मध्यभागी पहिले परिमंडळ आणि त्याच्या बाहेर क्रमाने पुढची, अशी नऊ परिमंडळे आता आहेत. प्रवासी जितकी परिमंडळे ओलांडतो, तसतसे त्याचे भाडे सामान्यतः वाढत जाते. पद्धती बदलल्या, पण कष्टकरी माणसाने कोठे राहावे आणि प्रवासासाठी किती पैसे मोजावे, हा पिअर्सन यांनी पुढे मांडलेला प्रश्न आजही प्रत्येक मोठ्या शहरापुढे उभा आहे.

भारतातील पहिली भुयारी रेल्वे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी कलकत्त्यात धावली आणि मुंबईच्या पोटातूनही २०२४ सालापासून अशी गाडी धावू लागली आहे. तुमच्यापैकी कोणी तीत बसलेही असतील. भुयारातून गाडी वेगाने जाऊ लागली म्हणजे खिडकीबाहेर अंधारावाचून काही दिसत नाही. अशा वेळी सहप्रवाशांकडे पाहावे. कोणी कामावर निघालेला असतो, कोणी दमून घरी परतत असतो. अशाच माणसांचा विचार मनात बाळगून एका वकिलाने सतरा वर्षे थट्टा व नकार सोसले, आणि गाडी सुरू होण्यापूर्वीच तो जग सोडून गेला. त्या गृहस्थांच्या नावाची आठवण आपण ठेवली पाहिजे.